‘प्लगइन चालत नाही’ ही तक्रार पुन्हा पुन्हा का येते आणि ती कायमची कशी मिटवायची

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ई-लर्निंगचा धडा उघडला की मधोमध करडा चौकोन दिसतो. दुकानातल्या डीव्हीआरचं (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राचं) पान उघडलं की काळा पडदा आणि ‘प्लगइन इन्स्टॉल करा’ अशी सूचना. टेंडर भरताना डिजिटल सहीचं बटण दाबलं तरी काहीच घडत नाही. तिन्ही ठिकाणी कोणीतरी कुठून तरी जुना ब्राउझर पैदा करतं, काही दिवस काम चालतं, मग विंडोज अपडेट होतं आणि ये रे माझ्या मागल्या.

कारण तिन्हीकडे एकच आहे. पानाचा तो तुकडा ब्राउझर चालवतच नव्हता. ब्राउझरने पानात एक चौकोनी जागा मोकळी सोडायची आणि त्या जागेत एखाद्या कंपनीचा वेगळा प्रोग्रॅम, म्हणजेच प्लगइन, चालायचा: धड्यासाठी बहुधा अडोबीचं फ्लॅश, सहीसाठी जावा ॲपलेट, आणि डीव्हीआरसाठी त्याच्या कंपनीचा प्रोग्रॅम. नेटस्केपच्या काळातली एनपीएपीआय ही त्यासाठीची जोडणी, आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तेच काम ॲक्टिव्हएक्स करायचं. अशा प्रोग्रॅमला कॉम्प्युटरवर जवळजवळ मोकळं रान असे, म्हणून व्हायरसवाल्यांचंही ते आवडतं दार होतं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ४५व्या आवृत्तीपासून एनपीएपीआय काढून टाकलं. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२व्या आवृत्तीत फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगइन बंद केली. अडोबीने फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःच मजकूर दाखवायचं बंद केलं. त्याच महिन्यात क्रोम ८८ आणि फायरफॉक्स ८५ मधून फ्लॅश कायमचं गेलं. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या प्लगइनचा पाठिंबा १२ ऑक्टोबर २०२१ ला संपला. जावा ॲपलेटचं प्लगइन तर त्याआधीच, २०१८ च्या जावा ११ मध्ये काढलेलं होतं.

म्हणजे बिघाड तुमच्या मशीनमध्ये नाही. जे पुन्हा इन्स्टॉल करायचा खटाटोप चालतो, ते नेहमीच्या ब्राउझरसाठी सांभाळणं त्याच्या कंपन्यांनीच सोडून दिलं आहे. त्यामुळे प्लगइन परत जिवंत करणं हा उपाय नव्हेच. पानातला तो तुकडा ब्राउझरला स्वतःला कळेल अशा उघड्या मानकांवर आणायचा, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, एसव्हीजी, कॅनव्हास, वेबजीएल आणि वेबअसेम्ब्ली यांवर. ही मानकं कोणा एका कंपनीच्या मालकीची नाहीत आणि ब्राउझर बनवणारे सगळे ती राबवतात. एचटीएमएल५ वर, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २८ ऑक्टोबर २०१४ रोजी मानक म्हणून शिक्कामोर्तब केलं. त्यात लिहिलेली पानं आजच्या ब्राउझरमध्ये जशीच्या तशी उघडतात.

आधी निदान: चौकोनात नेमकं काय दिसतंय?

जिगसॉच्या तुकड्याचं चित्र आणि ‘हे प्लगइन सपोर्टेड नाही’ असं दिसत असेल, तर ब्राउझरने प्लगइनची सोयच काढलेली आहे. त्या ब्राउझरमध्ये काहीही इन्स्टॉल केलं तरी फरक पडणार नाही.

गोल ‘एफ’ आणि शेजारी ‘आय’ असं चिन्ह दिसत असेल, तर मशीनवर जुना ब्राउझर आणि जुना फ्लॅश प्लेअर दोन्ही आहेत, पण प्लेअरच्या आत बसवलेली तारीख उलटून गेली आहे. हे चिन्ह दिसलं की कोणीतरी हमखास कॉम्प्युटरची तारीख २०२० वर नेतं. तसं करू नका. एचटीटीपीएसच्या, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या, प्रत्येक प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशीन २०२० मध्ये गेलं की आजची सगळी प्रमाणपत्रं त्याला ‘अजून लागू न झालेली’ वाटतात. धडा चालू होतो, पण ईमेल, बँक, सरकारी पोर्टल सगळंच ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून बंद पडतं.

नुसता पांढरा चौकोन किंवा ‘फ्लॅश प्लेअर डाउनलोड करा’ अशी लिंक दिसत असेल, तर पानातली एखादी स्क्रिप्ट, बहुधा एसडब्ल्यूएफऑब्जेक्ट, आधी फ्लॅश आहे का ते तपासते आणि नाही म्हटल्यावर पुढचं काही लोडच करत नाही. या लिंकवर क्लिक करू नका. फ्लॅशच्या नावाखाली नको ते सॉफ्टवेअर गळ्यात मारण्याचे प्रकार फ्लॅश चालू होतं तेव्हाही व्हायचे. आता तर अडोबीकडून अधिकृत डाउनलोडच मिळत नाही, म्हणजे समोर येणारं कुठलंही डाउनलोड संशयास्पदच धरायचं.

विंडोजसोबत आलेलं फ्लॅश आपोआप नाहीसं झालं असेल तर ते केबी४५७७५८६ या अपडेटचं काम आहे. हे अपडेट काढता येत नाही. म्हणून ‘अपडेट काढून टाकू’ या वाटेला जाऊ नका.

फ्लॅशचे धडे: मूळ फाइल काय आहे ते शोधा

सीडी किंवा सर्व्हरवरचं फोल्डर उघडा आणि फाइलींची एक्स्टेन्शन बघा. एसडब्ल्यूएफ असेल तर ती तयार झालेली फ्लॅश फाइल. एफएलए असेल तर तो मूळ कच्चा माल. ती फाइल जपून ठेवा, कारण तीच सगळ्यात मोलाची आहे. एफएलव्ही म्हणजे व्हिडिओ. डीसीआर किंवा डीएक्सआर असेल तर ते फ्लॅश नसून शॉकवेव्ह डायरेक्टर आहे आणि खाली सांगितलेला रफल त्याला चालत नाही. काही सीड्यांमध्ये थेट ईएक्सई असते. ती फ्लॅशचा ‘प्रोजेक्टर’ असेल, तर प्लेअर तिच्या पोटातच असतो, ब्राउझरशी संबंध नसतो आणि ती विंडोजवर अजूनही चालू शकते. तेवढ्यावर काम भागत असेल तर घाई नाही. पण टॅबलेट आणि मोबाइलवर ती चालणार नाही, हे लक्षात घेऊन पुढचा विचार करा.

यानंतर एसडब्ल्यूएफ ॲक्शनस्क्रिप्टच्या (फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या) कुठल्या आवृत्तीत लिहिली आहे ते बघायचं. जेपेक्स फ्री फ्लॅश डीकंपायलर या मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. डाव्या यादीत स्क्रिप्टच्या जागी ‘डूॲक्शन’ अशा नोंदी असतील तर ती ॲक्शनस्क्रिप्ट १ किंवा २, आणि ‘डूएबीसी’ असेल तर ३. साधी खूण म्हणजे एसडब्ल्यूएफची आवृत्ती ९ पेक्षा कमी असेल, तर ॲक्शनस्क्रिप्ट ३ असूच शकत नाही. ही माहिती का हवी? कारण पुढचा सगळा निर्णय हिच्यावर ठरतो.

रफल: मजकूर न बदलता प्लगइन काढून टाकणं

रफल हा रस्ट भाषेत लिहिलेला मुक्तस्रोत फ्लॅश प्लेअर आहे. वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझर स्वतः चालवू शकतो अशा कोडमध्ये, रूपांतरित झालेला असल्याने तो ब्राउझरच्या नेहमीच्या सुरक्षित चौकटीतच चालतो. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. ॲक्शनस्क्रिप्ट १ आणि २ त्याला उत्तम जमतात. ३ चा पाठिंबा बराच सुधारला आहे, तरी प्रत्येक धडा स्वतः चालवून बघावाच लागतो.

सर्व्हरवर बसवायची पद्धत अशी:

१. रफलच्या अधिकृत साइटवरून ‘सेल्फ-होस्टेड’ झिप उतरवा आणि ती ‘रफल’ नावाच्या फोल्डरमध्ये सोडवा. आतल्या सगळ्या फाइली एकत्रच ठेवा. एकच जेएस फाइल उचलून दुसरीकडे नेली तर तिला तिची डब्ल्यूएएसएम (वेबअसेम्ब्लीची) फाइल सापडत नाही.

२. धड्याच्या एचटीएमएल पानात, हेडच्या अगदी सुरुवातीला, रफलच्या जेएस फाइलचा स्क्रिप्ट टॅग टाका. तो एसडब्ल्यूएफऑब्जेक्टच्या आधी असलाच पाहिजे, म्हणजे ती तपासणी स्क्रिप्ट ‘फ्लॅश आहे’ असं समजून पुढे जाते.

३. ऑब्जेक्ट आणि एम्बेड टॅगना हात लावू नका. रफल ते स्वतः शोधून त्यांच्या जागी बसतो.

४. सर्व्हर डब्ल्यूएएसएम फाइल ‘ॲप्लिकेशन स्लॅश वासम’ या माइम प्रकाराने (फाइल कशाची आहे हे सांगणाऱ्या लेबलाने) पाठवतो का ते बघा. जुन्या आयआयएसवर (मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर) हा प्रकार नोंदवलेलाच नसतो आणि फाइल जागेवर असूनही ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, असा संदेश येतो.

५. एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा आणि लाल रंगात काही दिसतंय का ते पाहा.

पाचवी पायरी कोणी करत नाही, आणि बहुतेक अडचणी तिथेच सापडतात. सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक लहान-मोठ्या अक्षरांची. सीडी विंडोजवर बनलेली, तिथे ‘लेसन’चं पहिलं अक्षर कॅपिटल असलं काय नि स्मॉल असलं काय, फरक पडत नाही. तेच फोल्डर लिनक्स सर्व्हरवर ठेवलं की मुख्य मेनू उघडतो, पण एकही धडा उघडत नाही, कारण मेनू स्मॉल अक्षरांतली फाइल मागतो आणि डिस्कवर कॅपिटलमधली असते. नेटवर्क टॅबमध्ये ४०४ आलेलं नाव जसं दिसतं तसंच्या तसं फाइलीला द्या.

दुसरी चूक फोल्डरची. मेनूची एसडब्ल्यूएफ इतर फाइली शोधते ते साधारणपणे एचटीएमएल पान जिथे आहे तिथून. पान एका फोल्डरमध्ये आणि एसडब्ल्यूएफ दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं असेल तर सगळे मार्ग चुकतात. मूळ रचना तशीच ठेवा किंवा रफलच्या सेटिंगमध्ये ‘बेस’ हा मार्ग द्या.

तिसरी अडचण म्हणजे पान डबल क्लिक करून उघडणं. पत्त्याच्या सुरुवातीला ‘फाइल’ असेल तर ब्राउझर सुरक्षेपायी डब्ल्यूएएसएम लोड करू देत नाही. इंटरनेट नसलेल्या लॅबमध्ये एका मशीनवर साधा सर्व्हर चालू करा. पायथन असेल तर त्याचा अंगभूत एचटीटीपी सर्व्हर ८००० पोर्टवर पुरतो; बाकीची मशीन त्या मशीनच्या आयपी पत्त्यावर जातात. एकाच मशीनवर बघायचं असेल तर रफलचं डेस्कटॉप ॲप सर्वात सोपं.

आवाज येत नसेल तर तो बिघाड नव्हे. वापरकर्त्याने पानावर एकदा क्लिक केल्याशिवाय आवाज सुरू करायचा नाही, असा क्रोमसह बहुतेक ब्राउझरचा नियम २०१८ पासून आहे. रफलवर प्ले किंवा स्पीकरचं चिन्ह येतं ते त्यासाठीच.

मराठी अक्षरं गायब किंवा विचित्र दिसतात

हा भाग नीट समजून घ्या, कारण इंग्रजी मदतीच्या पानांवर याचं उत्तर मिळत नाही. फ्लॅश प्लेअर १० येईपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, फ्लॅशला युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळवता येत नव्हत्या. त्यामुळे मराठी धडे बनवणाऱ्यांनी दोनपैकी एक मार्ग धरला. काहींनी अक्षरं ‘ब्रेक अपार्ट’ करून त्यांची चित्रंच केली. ती रफलमध्ये बिनचूक दिसतात. काहींनी श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे जुने फॉन्ट वापरले. फॉन्ट एसडब्ल्यूएफमध्ये एम्बेड केलेला असेल तर तोही ठीक दिसतो. एम्बेड केलेला नसेल, तर मजकूर मशीनवरच्या फॉन्टवर अवलंबून असतो आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मजकूर बिघडलेला नाही, त्याला फक्त त्याचा फॉन्ट मिळालेला नाही.

असा मजकूर डीकंपायलरमधून बाहेर काढा, त्या विशिष्ट फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा आणि मग शब्दन् शब्द वाचून तपासा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि अर्धा ‘र’ या तीन ठिकाणी कन्व्हर्टर हमखास चुकतो. उदाहरणार्थ, जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. कन्व्हर्टरने हा क्रम उलटवायचा असतो; जोडाक्षर आलं की तो गडबडतो.

रफलने भागलं नाही तर

ॲक्शनस्क्रिप्ट ३ चा धडा मधेच अडकत असेल, तर तो खरोखर इंटरॅक्टिव्ह आहे का ते आधी विचारा. पुष्कळ धड्यांत ‘पुढे’ हे एकच बटण असतं. अशा धड्याचं, तो जिथे अजून चालतो त्या मशीनवरून, स्क्रीन रेकॉर्डिंग करा आणि एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) वापरून एमपी४ बनवा. एफएलव्ही व्हिडिओंनाही तेच: आत एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी आवाज असेल तर एफएफएमपेग या प्रोग्रॅमने नुसतं खोकं, म्हणजे बाहेरचा फाइल प्रकार, बदलता येतं, दर्जा तसूभर घटत नाही. सोरेन्सन किंवा व्हीपी६ या जुन्या व्हिडिओ पद्धती असतील तर मात्र पुन्हा एन्कोड करावं लागतं.

प्रश्नमंजुषा, जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा या गोष्टी एच५पी या इंटरॅक्टिव्ह धडे बनवायच्या साधनात नव्याने बनवणं हे जुना कोड दुरुस्त करण्यापेक्षा लवकर होतं. मूडल किंवा वर्डप्रेस असेल तर तिथेच, नसेल तर लुमी या मोफत डेस्कटॉप प्रोग्रॅमने सगळा धडा एका एचटीएमएल फाइलीत काढता येतो. विज्ञानाच्या सिम्युलेशनसाठी काही बनवायच्या आधी कोलोराडो विद्यापीठाच्या फेटचा संग्रह बघा. त्यांची जुनी सिम्युलेशन जावा आणि फ्लॅशमध्येच होती. त्यांतली बरीच एचटीएमएल५ मध्ये नव्याने लिहिली गेली, त्यांतली अनेक मराठीत आहेत, आणि एक फाइल उतरवून ठेवली की इंटरनेटशिवाय चालतात.

एफएलए हाताशी असेल तर अडोबी ॲनिमेटमधून एचटीएमएल५ कॅनव्हासमध्ये रूपांतर होतं. चित्रं आणि टाइमलाइन येतात. ॲक्शनस्क्रिप्ट मात्र फक्त कॉमेंट म्हणून येते आणि जावास्क्रिप्टमध्ये हाताने लिहावी लागते.

नव्याने लिहिताना मराठीसाठी दोन काळज्या घ्या. कॅनव्हासवर मजकूर एकदाच रंगवला जातो. वेबफॉन्ट उतरायच्या आधी रंगवला तर तो भलत्याच फॉन्टमध्ये राहतो. म्हणून फॉन्ट तयार झाल्याची खात्री करूनच पहिला शब्द काढा. आणि ‘अक्षरं जुळवा’सारख्या खेळात शब्द कोड-पॉइंटवर, म्हणजे युनिकोडच्या एकेका सुट्या चिन्हावर, तोडू नका. ‘क्षेत्रफळ’ हा शब्द मुलांसाठी चार अक्षरांचा आहे: क्षे, त्र, फ, ळ. कोड-पॉइंटने तोडला तर नऊ तुकडे पडतात आणि सुटी मात्रा, सुटा हलन्त पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळासह लोंबकळतात. जावास्क्रिप्टचा इंटल सेगमेंटर ‘ग्राफीम’ (वाचणाऱ्याला एक वाटणारं अक्षर) पद्धतीने वापरा. थोड्या जुन्या ब्राउझरमध्ये तोही हलन्तापाशी तोडतो, तेव्हा हलन्तावर संपणारा तुकडा पुढच्याला जोडायची एक ओळ स्वतः घाला. ओढून टाकण्याच्या खेळात एचटीएमएलचं जुनं ड्रॅग-ड्रॉप नको, टॅबलेटवर ते बोटाने नीट चालत नाही. पॉइंटर इव्हेंट्स वापरा आणि ओढायच्या वस्तूंवर टच-ॲक्शन ‘नन’ ठेवा, नाहीतर वस्तूऐवजी पानच सरकतं.

डीव्हीआरचा काळा पडदा

इथे दोष ॲक्टिव्हएक्सचा. तूर्तास मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये सेटिंग्ज, मग डीफॉल्ट ब्राउझर, तिथे इंटरनेट एक्सप्लोरर मोडला परवानगी द्या, एज बंद करून उघडा आणि डीव्हीआरचं पान त्या मोडमध्ये रीलोड करा. महिन्याभराने पुन्हा बंद पडलं तर घाबरू नका. यादीत घातलेल्या पत्त्याची मुदत ३० दिवसांची असते, ती परत वाढवायची. ॲक्टिव्हएक्सची परवानगी फक्त ट्रस्टेड साइट्समध्ये डीव्हीआरचा पत्ता घालून द्या, संपूर्ण इंटरनेट झोनला कधीही नाही.

हा मोड किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे, म्हणजे तोही पाहुणाच. डीव्हीआरमध्ये आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ (कॅमेऱ्याचं चित्र इतर प्रोग्रॅमना देण्याच्या उघड्या पद्धती) चालू करता येतं का बघा. येत असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ५५४ पोर्टवरून कॅमेरा सरळ दिसतो. नव्या फर्मवेअरमध्ये प्लगइनशिवाय दिसण्याची सोय असते, पण तिथेही चित्र न आल्यास सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचा कमी दर्जाचा दुसरा प्रवाह) एच.२६५ वरून एच.२६४ वर आणा. आणि घरबसल्या बघता यावं म्हणून डीव्हीआरचं वेब पोर्ट राउटरमधून इंटरनेटला उघडं करू नका.

डिजिटल सहीचं बटण

यूएसबी टोकनमधल्या किल्लीने सही करण्यासाठी ब्राउझरमध्ये आजही उघडं मानक नाही. ब्राउझरमधल्या वेब क्रिप्टो या सही-सांकेतिकीकरणाच्या सोयीला टोकनपर्यंत पोचता येत नाही. म्हणून जावा ॲपलेट गेल्यावर पोर्टलांनी मशीनवर चालणारा छोटा सही-प्रोग्रॅम आणला आणि पान त्याच्याशी लोकलहोस्टवरून, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावरून, बोलतं. जावा पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे तपासा: तो प्रोग्रॅम चालू आहे का, टोकनचा ड्रायव्हर टोकनला ओळखतो का, अँटिव्हायरसने लोकलहोस्टचं पोर्ट अडवलंय का. क्रोममध्ये चालतं आणि फायरफॉक्समध्ये नाही असं असेल तर कारण प्रमाणपत्रांचं आहे. फायरफॉक्स स्वतःची वेगळी यादी ठेवतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये विंडोजच्या यादीतल्या, तुम्ही घातलेल्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवण्याचा पर्याय चालू करा किंवा सही-प्रोग्रॅमचं प्रमाणपत्र तिथे वेगळं घाला.

नवीन घेताना

ई-लर्निंग संच, डीव्हीआर किंवा पोर्टल विकत घेण्याआधी विक्रेत्याला ते तुमच्यासमोर एका साध्या अँड्रॉइड मोबाइलच्या क्रोममध्ये, काहीही इन्स्टॉल न करता उघडायला सांगा. मोबाइलवर प्लगइन बसतच नाही, त्यामुळे ही चाचणी फसवता येत नाही. शिवाय करारात मूळ फाइली, वापरलेले फॉन्ट आणि युनिकोड मजकूर तुमच्या ताब्यात देण्याची अट लिहून घ्या.